हात धरणारं माणूस

बाबा,

धाकट्या सोरखाचा डब्लिनहून नमस्कार. फोनवर तुम्ही हवापाण्याच्या पुढे जात नाही, म्हणून लिहितेय.

खोकला गेला. माझ्या गाण्यांची तिसरी रेकॉर्ड निघाली, परवा थिएटर भरलं होतं. मी वेळेवर जेवते. तुम्ही नुसत्या बटाट्यांवर दिवस काढत नाही ना?

एक गंमत सांगते, घाबरू नका. परवा माझंच गाणं, आईवरचं, म्हणताना दुसऱ्या कडव्याला शब्दच गेले. गिटार थांबली. तेवढ्यात पहिल्या रांगेतले एक म्हातारबुवा उठले, सरळ स्टेजवर आले आणि माझा हात धरून हळूहळू गोल फिरवू लागले, आपल्या गावात गाणाऱ्याला बळ यावं म्हणून धरतात तसा. शब्द आपोआप आले.

लोकांना वाटलं, कार्यक्रमाचाच भाग. आमचा मॅनेजर डेक्लन म्हणतो, "हे रोजच ठेवू या!" मी म्हटलं, "गाढवा, ते काय नाटक होतं?"

म्हातारबुवा आपल्याच किनाऱ्याचे निघाले, फेस्टी नावाचे. "कोणाची गं तू?" म्हणाले. तुमचं नाव सांगितलं, तर डोळे चमकले. "कोलमची? गातो ना अजून?"

मी "हो" म्हणून मोकळी झाले.

खोटं बोलले. आई गेल्यापासून तुम्ही एक ओळही गायला नाहीत, ताईने कळवलंय. तुमचा हात नेहमी आईच धरायची, हे माझ्या तेव्हा कुठे ध्यानात आलं.

ईस्टरला येतेय. गिटार इथेच ठेवून, दोन्ही हात मोकळे घेऊन.

तुमचीच,
सोरखा