मीनूच्या नावाची फाइल

मयूर विहार, दिल्ली, शुक्रवार, २१ नोव्हेंबर १९९७

सांगून टाकलं ते बरं केलं ना मी? अजून धडधडतंय.

आमच्या नोएडाच्या ऑफिसात सगळ्यांच्या फायली एकाच सर्व्हरवर असतात; तो सांभाळायचं काम माझं. आपलं फोल्डर फक्त आपल्यालाच उघडतं, असं सगळे समजतात. आज कळलं, सर्व्हर माणूस ओळखतच नाही. समोरचं मशीन जो युजर नंबर सांगेल, तो खरा मानतो. खात्री करायला मी आमचे बॉस देशपांडे सर यांचा नंबर टाकला आणि त्यांचं फोल्डर उघडलं! तिथेच थांबायला हवं होतं. पण 'मीनू' नावाची फाइल दिसली. मीनू त्यांची मुलगी. तिनं त्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं, तेव्हापासून सर तिच्याशी बोलत नाहीत. दोनच ओळी वाचल्या. 'तुझं काही चुकलं नव्हतं, बाळा. मीच हट्टाला पेटलो.'

सर्व्हर दुरुस्त केला आणि सरळ केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. नोकरी गेली असंच वाटलं.

"किती वाचलंस?"

"दोन ओळी, सर. सॉरी."

सर चष्मा पुसत राहिले. "वर्षभर हे पत्र लिहितोय. पाठवायचा धीर होत नाही. तुझ्या बाबांनी असं लिहिलं, तर तू येशील?"

"मिळेल त्या बसनं."

"अच्छा," म्हणाले आणि फोन जवळ ओढला. मी बाहेर येऊन दार लावून घेतलं. त्या दोन ओळी मी वाचायला नको होत्या, तरीही...

संध्याकाळी सर माझ्या टेबलाशी आले. डोळे लाल. "रविवारी येतेय ती. पुरणपोळी इथे कुठे मिळते गं?"

मी करून आणते म्हटलं. मला करता तर येत नाही. आता आईला फोन करून विचारते.