हो म्हणणारी घंटी

सोमवार, ३ मार्च
जमली एकदाची घंटी! रुग्णालयाच्या कामातलं सगळ्यात चिमुकलं चित्र, पण माझा जीव त्यातच अडकला होता. खाटेशेजारच्या टच-स्क्रीनवर घंटी दाबली की ती दोनदा डुलते, हिरवी होते. निरोप सिस्टरांच्या टेबलावर जातो.

प्रोग्रामरने विचारलं, डुलवू कधी — दाबल्यावर की निरोप पोचल्यावर? मी म्हटलं, दाबल्याबरोबर. पोचायला दोन सेकंद लागतात, तेवढ्यात आजारी माणूस घाबरतो. साहेब खूश. म्हणे, उगाचच दाबावीशी वाटते!

मंगळवार, ११ मार्च
आई पडली. खुब्याचं हाड. ऑपरेशन झालं, खाटेवरून उतरायचं नाही. शेवटची, कोपऱ्यातली खोली. समोर माझीच घंटी. डॉक्टर म्हणाले, दम लागला किंवा छातीत दुखलं तर लगेच दाबायची.

गुरुवार, १३ मार्च
सकाळी गेले तर चादर ओली. आई ओशाळून भिंतीकडे बघत होती. घंटी का नाही दाबलीस, म्हणून मीच चिडले. अक्कल माझी!

"दाबली की गं. मान डोलावून हो म्हणाली. एकदा हो म्हटल्यावर परत कशाला कुणाला त्रास द्यायचा?"

घंटी हो म्हणते. पण कुणाच्या वतीने?

शुक्रवार, १४ मार्च
मन चिंती ते वैरी न चिंती. दिवसभर कामात लक्ष नाही. प्रोग्रामर म्हणतो, निरोप जातच असतील, सिस्टरांना हात दोनच. असेलही. तरी त्याच्या मागे लागून बदल करून घेतला — निरोप पोचला तरच डुलायचं. उद्या सकाळी सगळ्या खोल्यांत लागू होईल. साहेबांना सांगितलेलं नाही. भीती वाटते. त्यांची नाही.

शनिवार, १५ मार्च
दाबली. डुलली नाही. पुन्हा दाबली. तशीच.

धावत सिस्टरांकडे गेले. त्यांनी यादी उघडली. कोपऱ्यातल्या खोलीतून पाच दिवसांत एकही निरोप नाही. म्हणाल्या, "आम्हाला वाटलं, आजी सोशिक आहेत."

त्यांना घेऊनच परत आले. आई घंटीकडे बघत होती.

"आज का गं हो म्हणत नाही? पहाटे दम लागला तेव्हा तर लगेच म्हणाली होती."