सुलभाबाईंची बेरीज

१२ जाने.
सुलभाला घेऊन केतकीकडे जाऊन आलो. नवी थेरपिस्ट, वयाने लहान, बोलायला सरळ. तक्ते-बिक्ते ठेवा बाजूला म्हणाली. सराव घरातच करायचा. ताटं मांडताना, चहा टाकताना, भाजी घेताना, घड्याळ बघताना.
"काकू, सात आणि पाच?"
सुलभाने स्वतःच्या हाताकडे पाहिलं, मग खिडकीकडे. मी भिंतीवरचं मेंदूचं चित्र वाचत बसलो. दिवाळीआधी मेंदूत गुठळी झाली. हात सावरला, बोलणं जवळजवळ पूर्ववत. अंक तेवढे परत आले नाहीत. पाचवी ते सातवीला गणित शिकवण्यात जिचा जन्म गेला, तिचे.
रिक्षात म्हणाली, "चेहरा नीट करा. नापास मी झालेय."

१४ जाने.
संक्रांत. शेजारी द्यायला तिळाच्या वड्या. सु.ला म्हटलं, सहा आहेत, दोन डब्यांत सारख्या घाल. एकात पाच ठेवल्या, एकात एक. मग नुसती बघत राहिली. काहीतरी चुकलंय एवढं कळत होतं, काय ते कळत नव्हतं.
आणि मी म्हणालो, "अगं, बालवाडीतलं पोर सांगेल!"
"मग त्यालाच विचारा."
आत निघून गेली. तेवढ्यात बेल वाजली. शेजारीण. दार उघडायच्या आधी मी घाईघाईने वड्या सारख्या केल्या. कोणाला काय दिसणार होतं? डबे तर बंदच असतात.
तिळगूळ घ्या, गोड बोला. माझ्याच तोंडाने म्हणालो.

१७ जाने.
दुपारी खालचे सेक्रेटरी आले, पाण्याच्या टाकीचं रडगाणं घेऊन. सु.ने कोणी न सांगता तीन कप पाणी टाकलं. ते "मला नको" म्हणाले, तर एक कप काढून घेतलं. मी ओट्यापाशी जाऊन उभा.
"काय बघताय? चहाच टाकलाय."
तरी ती खूश होती. माझ्यापेक्षा जास्त.

१९ जाने.
हे लिहायचं नव्हतं. पण लिहिलं नाही तर उद्या स्वतःला वेगळंच काही सांगेन.
संध्याकाळी कोपऱ्यावरच्या भाजीबाजारात. लिंबं. सु.ने एका हातात दोन घेतली, पिशवीत आधीची तीन. मोठ्याने मोजायला लागली, एकेका लिंबाला बोट लावत. मागे दोघं-तिघं खोळंबलेले. भाजीवाल्या मावशी काही बोलल्या नाहीत. मलाच घाम फुटला.
"बाई! ओळखलंत? मी अश्विनी."
चाळिशीची असेल. भर बाजारात वाकून नमस्कार केला. म्हणाली, बाईंमुळे गणिताची भीती गेली, इंजिनियर झाले ती बाईंमुळे. मागच्यांनाही ऐकवत होती. सु. हसत होती, बोट अजून लिंबावर. बोलायला तोंड उघडलं तिने.
आणि मी मध्ये पडलो. "त्यांचा घसा बसलाय. डॉक्टरांनी बोलू नका सांगितलंय."
लिंबं पिशवीत कोंबली. अश्विनीने फोन नंबर मागितला, माझा दिला. तोवर सु.ने तोंड मिटून घेतलं होतं. घरापर्यंत माझ्यापुढे चालत राहिली.

२० जाने.
सकाळी विचारलं, चहा टाकू? तिने गळ्याकडे बोट दाखवलं. जेवताना तेच. भाजीत मीठ कमी आहे का? गळ्याकडे बोट.
ही सासरी आल्यापासून हिच्या तिरकस बोलण्याची मला सवय आहे. न बोलण्याची नाही.

२२ जाने.
सरावाला नाही म्हणते. मान हलवून. घड्याळ समोर धरलं तर पालथं घातलं. क्लिनिकला एकटाच गेलो. केतकीला सांगितलं. सगळं नाही, पण घशाचं सांगितलं.
ती बराच वेळ काही लिहीत होती. मग म्हणाली, "काकू बाजारात, लोकांसमोर, आपणहून मोजत होत्या?"
"हो."
"किती झाली म्हणाल्या?"
मला माहीत नाही. मी ऐकलंच नव्हतं.

२३ जाने.
माफी मागितली. नीट जमली नाही. तुला कोणी हसू नये म्हणून केलं, असं म्हणालो. चार दिवसांनी पहिल्यांदा बोलली.
"हसलं कोण होतं?"
कोणीच नव्हतं.
"मला लाज वाटत नव्हती हो. मला लिंबं हवी होती."

२६ जाने.
अश्विनीचा फोन. त्यांच्या वर्गाचं संमेलन, रविवारी, पाच वाजता, कोथरूडला. बाईंनी यावं, दोन शब्द बोलावेत. घसा बरा झाला का?
माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. गावाला जाणार आहोत. सु. सोफ्यावर, माझ्याकडेच बघत. फोन तिच्या हातात दिला. हे काही शौर्य नव्हे, तिच्या नजरेपुढे दुसरं सुचलं नाही.
"घसा ठणठणीत आहे," ती म्हणाली. "गणित गेलंय. मेंदूचं दुखणं झालं. सात आणि पाच विचारलंस तर येणार नाही मला. तरी येऊ का?"
 पलीकडून अश्विनी काहीतरी बोलली, सु. हसली.
"नको गं. तुझी भूमिती आठवते मला."
फोन ठेवल्यावर विचारलं, काय म्हणाली?
"म्हणाली, मी येऊन शिकवते. रडत होती बहुतेक."
आणि मग, माझ्याकडे न बघता, "तुम्ही आलात तर मागे बसा."

२९ जाने.
सराव परत सुरू. ताटं दोन, वाट्या चार. एकदा चुकली, एकदा बरोबर. मी शेजारच्या खोलीतून ऐकतो. माझा चेहरा बघून चुका वाढतात, असं तीच म्हणाली.

१ फेब्रु.
आज संमेलन. कपाटातून मोरपंखी साडी काढून पलंगावर ठेवली आहे. कालपासून काय बोलायचं त्याची तयारी. मला ऐकवत नाही.
जेवणानंतर घड्याळ मांडीवर घेऊन बसली. कार्यक्रम पाचला, जायला अर्धा तास, मग निघायचं कधी? बोटांवर मोजलं, ओठ हलले. माझ्याकडे पाहिलं नाही. शेवटी स्वतःच म्हणाली, "साडेपाचला निघू."
आणि केवढा उजळला चेहरा.
मी "बरं" म्हणालो. ते "बरं" तिचा मान ठेवायला होतं, की परत एकदा तिला उघडं पाडायचं धैर्य नव्हतं म्हणून, ते मला सांगता येत नाही. उशिरा पोचलो तर सगळ्यांसमोर कळेल. आत्ता सांगितलं तर फक्त माझ्यासमोर. यातलं कोणतं बरं, तिला विचारायला हवं. विचारायचं म्हणजे सांगितल्यासारखंच.
चार वाजलेत. आतून हाक, "अहो, वेळ बरोबर काढली ना मी?"
 पेन खाली ठेवून उठतोय.