जॉर्डनमधील माझे नियोजित उत्खनन

६ जानेवारी
उत्तर आलं! जॉर्डनमध्ये मादबा नावाच्या गावाजवळ एक परदेशी प्रोफेसर जुनं टेकाड खोदतात. त्यांना काल ईमेल केला होता, की मी सोलापूरला पुरातत्त्वात एम.ए. करतो आणि तुमच्या उत्खननात सहभागी व्हायला तयार आहे. एका मिनिटात उत्तर. 'आपण दाखवलेल्या स्वारस्याबद्दल आभार. सध्या मी ऑफिसमध्ये नाही.' ऑफिसमध्ये नाहीत म्हणजे साइटवर आहेत. आमचे विभागप्रमुख ऑफिसमध्ये असूनही महिनाभर उत्तर देत नाहीत.
संकल्प : रोज पहाटे उठून अरबी शिकणे.

९ जानेवारी
अरबी उद्यापासून. आज वैरागला घरी जाऊन वडिलांशी, म्हणजे आबांशी बोललो. आबांचं खत-बियाण्यांचं दुकान आहे आणि जगातली प्रत्येक गोष्ट ते पोत्यात मोजतात. विचारलं, तितं उकरून काय मिळतंय? म्हटलं, इतिहास. म्हणाले, जा, पण ही शेवटची बारी. एम.ए.ला तिसऱ्यांदा बसाय लागलायस. आल्यावर तुमच्या विभागात काय जागा-बिगा मिळाली तर बरं, न्हायतर एक मार्चपासनं गल्ल्यावर बसायचं. लगेच मान्य केलं. जॉर्डन खोदून आलेल्या माणसाला युरियाची भीती कोण दाखवतं!

१२ जानेवारी
एकट्याने जाणं परवडत नाही. स्वस्तात एकच गट जातोय, सोलापुरातल्या एका चर्चची 'पवित्र भूमी यात्रा'. रत्नदीप नावाचा तरुण नेतो. बँकेत कॅशियर असावा असा चेहरा. म्हणाला, तुम्ही इतिहासवाले, छान झालं, गटात म्हातारी माणसं बरीच आहेत, बॅगांना जरा हातभार लावाल का? फी थोडी कमी करतो. म्हणजे इतिहास-मार्गदर्शक म्हणून माझी नेमणूक झाली. स्वीकारली. बायबल वाचलेलं नाही, विमानात वाचून होईल.
योजना : बस मादबाला थांबली की हळूच निघायचं आणि थेट प्रोफेसरांना भेटायचं. रत्नदीपला सांगायची गरज नाही. संशोधनात गुप्तता लागते.

१८ जानेवारी
वैरागचा माझा मित्र अमृत, त्याच्या दुकानात माझा फ्लेक्स तयार. 'वैरागचे सुपुत्र, जागतिक पुरातत्त्व संशोधक, जॉर्डन सरकारच्या विशेष निमंत्रणावरून'. फोटो गॉगलमधला. मी म्हटलं, निमंत्रण सरकारचं नाही रे. अमृत म्हणाला, सरकार कुटं वैरागला येऊन वाचतंय? बरोबर आहे. ८ फेब्रुवारीला माझा जाहीर सत्कार आणि व्याख्यान, तेही खाली छापून टाकलं. जायच्या आधीच सत्कार ठरला हे उत्तम. नंतर माणूस दमलेला असतो.
अरबी राहिलं.

२१ जानेवारी
गटाची बैठक. घोर निराशा. एकाचाही इतिहासाशी संबंध नाही. तितं चहा मिळतो का, चढ किती हाय, गुडघ्याचं तेल विमानात चालतं का, असले प्रश्न. माझ्या शेजारी मीनाबाई म्हणून एक होत्या. नवरा त्रिंबकराव, पूर्वी मिलमध्ये होते. दोघांनी मिळून जायचं ठरवलं होतं, पण दिवाळीत त्रिंबकरावांचं एक अंग लुळं पडलं. तरी त्यांनीच बायकोला हट्टाने पाठवलंय. म्हणाले म्हणे, तू यार्देनच्या पाण्यात हुबी ऱ्हा, मी तुझ्यासंगं हुबा हाय असं समज. बाईंना बाकी काहीही बघायचं नाही. फक्त ती नदी.
मी त्यांना सुधारलं, मावशी, यार्देन नव्हे, जॉर्डन. तर हसून म्हणाल्या, आमच्या शास्त्रात यार्देनच हाय की, बाळा. समुद्र ओलांडून जायचं आणि पाण्यात पाय बुडवून यायचं! भीमेचं पाणी काय वाईट होतं? अशा लोकांमुळे विमान कंपन्या चालतात, ज्ञान जागच्या जागी राहतं.

२७ जानेवारी, मुंबई विमानतळ
प्रत्येकाच्या बॅगेत शेंगाची चटणी आणि कडक भाकरी. वजन जास्त भरलं, तेव्हा सगळ्यांनी चटण्या माझ्या बॅगेत कोंबल्या, कारण माझी हलकी होती. त्यात होता फक्त उत्खननाचा नवा ब्रश. एका संशोधकाची बॅग आता किराणा दुकानासारखी वास मारते आहे.
बायबल उघडलं. अक्षर फार बारीक.

२९ जानेवारी, जेराश
रोमन शहर. खांबच खांब. मी एका दगडावर चढून गटाला सांगितलं, की ही कमान अलेक्झांडरने बांधली. स्थानिक गाइड हळूच म्हणाला, ही सम्राट हेड्रियनच्या स्वागताची. बोर्डवरही तसंच होतं. बोर्डांवर किती विश्वास ठेवायचा हा वेगळा विषय आहे. नंतर गट गाइडच्या मागे गेला. समूहाची मानसिकता.

३० जानेवारी, पेट्रा
पोट बिघडलं. काल रात्री हॉटेलचं जेवण कमी पडलं म्हणून चटणी-भाकरी जरा जास्त झाली होती. गट आत गेला, मी प्रवेशद्वाराजवळच्या दुकानात बसलो आणि पोस्टकार्डांवरून अभ्यास केला. सगळं अगदी स्वच्छ दिसत होतं. आत गेलेल्यांना गर्दीत एवढं दिसलं नसणार. एकूण पेट्राचा उगाच बोलबाला आहे.
जाण्याआधी मीनाबाईंनी ओवा चावायला दिला. नंतर बरं वाटलं, हा योगायोग.

१ फेब्रुवारी, सकाळ, नबो पर्वत
रात्री पाऊस झाला. चिखल. रत्नदीप सगळ्यांना उभं करून वाचत होता, की मोशेला देवाने इथूनच सगळा देश दाखवला, पण आत मात्र जाऊ दिलं नाही. चाळीस वर्षं चालवून शेवटी हे! नियोजनाचा अभाव.
मीनाबाई विचारत होत्या, नदी कुटं दिसती? खाली खोऱ्यात धुकं. रत्नदीपने एक हिरवट रेघ दाखवली. बाईंनी डोक्यावर पदर घेतला आणि त्या रेघेकडे बघत उभ्या राहिल्या. अहो, दुपारी तिथेच तर जायचंय. उद्या पहाटे परतीचं विमान आहे, आज काय ती नदी पळून जाणार आहे?

दुपार, मादबा
गट चर्चमध्ये फरशीवरचा जुना नकाशा बघतो आहे. ज्याला जमीनच खोदायची आहे त्याने नकाशा कशाला बघायचा? गालिच्यांच्या गल्लीतून निघालो. टॅक्सी मिळाली. इथलं सिम घेतलेलं नाही, म्हणजे फोनचाही त्रास नाही.

दीड वाजता, टेकाड
एक वॉचमन आणि एक कुत्रं. खड्ड्यांवर प्लास्टिक. ईमेल दाखवला. वॉचमनने इंग्रजी येणाऱ्या पुतण्याला फोन लावून दिला. तो म्हणाला, प्रोफेसर फक्त जूनमध्ये येतात, आत्ता त्यांच्या देशात असतील. एका मिनिटात उत्तर देणारा माणूस इतका बेजबाबदार निघावा! वॉचमनने चहा दिला, तो बरा होता.
आलोच आहे तर पाहणी केली. टेकाड आपल्याकडच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या ओसाड गावठाणाच्या टेकाडासारखंच, यासाठी जॉर्डन कशाला हवं होतं कळत नाही. वरून खालपर्यंत चिखलातून घसरत आलो, त्यामुळे सगळे थर एकदम बघून झाले. प्राथमिक थर-पाहणी पूर्ण, असं रिपोर्टमध्ये लिहिता येईल.

तीननंतर, नदी
टॅक्सीवाल्याला म्हटलं, मादबा, चर्च. त्याने माझ्या गळ्यातलं यात्रेचं कार्ड वाचलं, समजल्यासारखं हसला आणि मला थेट नदीच्या गेटवर आणून सोडलं. अरबी येत असतं तर चांगला झापला असता. आत नेणारी शेवटची बस सुटत होती, म्हणून बसलो.
तर ही ती जगप्रसिद्ध नदी. आमच्या वैरागचा ओढा पावसाळ्यात याहून रुंद असतो. पलीकडचा काठ हाकेच्या अंतरावर, पाणी चहासारखं. तरी लोक पांढरे कपडे घालून पाण्यात उतरत होते आणि रडत होते. मी पायरीवर बसून बूट धुतले. एका हातात बूट, दुसऱ्या हातात उत्खननाचा ब्रश. पहारेकरी ओरडत आला, तोवर दोन्ही धुऊन झाले होते. बूट स्वच्छ निघाले, एवढं एक त्या नदीचं कौतुक.
गटाचा पत्ता नाही. दोन वाजताच इथे यायचं ठरलं होतं.

साडेचार, गेटबाहेरचं बाकडं
गेट बंद झालं. गट अजून नाही! आयुष्यभर ज्या नदीचा जप केला तिथेसुद्धा ही माणसं वेळेवर पोचत नाहीत. रत्नदीप आला की चांगला सुनावणार आहे.

संध्याकाळ, बस
बस आली. दुपारपासून ते मलाच शोधत होते. चर्च, बाजार, दवाखाना, शेवटी पोलीस ठाणे. तिथे माझा गॉगलमधला फोटो दाखवला म्हणे, त्यात ओळख पटणं अवघडच. शेवटी टॅक्सीवाल्याकडून माझा पत्ता लागला. रत्नदीपचा आवाज बसला होता. उतरल्या उतरल्या तो गेटवर गेला आणि हात जोडून म्हणाला, सगळ्यांचं राहू द्या, एकट्या या बाईंना पाच मिनिटं सोडा. गेटवाला चांगला माणूस होता, त्यालाही वाईट वाटलं. पण सरहद्दीचा भाग, लष्कराचा हुकूम. उद्या सकाळी या म्हणाला. उद्या सकाळी आम्ही विमानात.
मग रत्नदीप माझ्याकडे वळला. काहीतरी वाईट बोलणार होता, पण मीनाबाईंनी त्याचा दंड धरला. म्हणाल्या, लेकरू सापडलं, बास झालं. मी सांगायला गेलो की चूक टॅक्सीवाल्याची आहे, कोणी ऐकलं नाही. बसमध्ये एक बाई रडायला लागल्या, तर मीनाबाईच त्यांना म्हणाल्या, मोशेला बी लांबनंच दाखवलं की गं. मग मला विचारलं, तू आत जाऊन आलास व्हय? पाण्याला शिवलास? म्हटलं, हो. म्हणाल्या, बरं झालं. नंतर खिडकीकडे तोंड करून बसल्या. बाहेर काळोख. त्यांना काय दिसत होतं कोण जाणे.
माझ्याशी कोणी बोलत नाही. संशोधक एकटाच असतो.

८ फेब्रुवारी, वैराग
सत्कार झाला! फेटा, शाल, श्रीफळ. आबा पहिल्या रांगेत. दुकान बंद ठेवून आले होते, जे त्यांनी माझ्या मुंजीलाही केलं नव्हतं. थर-पाहणीवर बोललो, पण लोक जांभया द्यायला लागले, तेव्हा नदीवर आलो. म्हटलं, त्या पुण्यजलात मी उतरलो, थरथरत्या हातांनी ओंजळ भरली आणि कपाळाला लावली. टाळ्याच टाळ्या. आबांनी डोळे पुसले. अमृतने व्हिडिओ सगळीकडे पाठवला.
विचार केला तर हे खोटं नाही. पाण्याशी माझा संपर्क आला होता.

१२ फेब्रुवारी
विभागप्रमुखांनी रिपोर्ट परत दिला. म्हणाले, पेट्राचे फोटो म्हणजे पोस्टकार्डांचे फोटो आहेत, कोपऱ्यात किंमत दिसते. आणि 'प्रमुख पुरातत्त्वज्ञांसमवेत' असं लिहून जो माणूस दाखवलाय त्याच्या हातात काठी आणि किटली का आहे? अशा कोत्या मनाच्या माणसाच्या हाताखाली जागा मिळाली असती तरी मी घेतली नसती.
आबांना फोन केला. काही रागावले नाहीत. म्हणाले, एक तारखेला सकाळी आठला ये. फेटा घालून नगं येऊ.

१४ फेब्रुवारी, सोलापूर
मीनाबाईंचा फोन. तुझं भाषण ह्यांना मोबाइलवर दाखवलं, एकदा घरी ये की. शेवटी कोणाला तरी माझी किंमत कळली. छोटासा घरगुती सत्कार असणार म्हणून शाल घेऊन गेलो. वाटेत दोन शब्द तयार केले.
एकच खोली. त्रिंबकराव कॉटवर. उजवी बाजू लुळी, बोलणं अडखळत. मीनाबाईंनी चहा टाकला आणि नवऱ्याला म्हणाल्या, हेच ते पोरगं, भाषणातलं. मला हळू आवाजात सांगितलं, माझं जमलं न्हाय हे मी ह्यांना सांगितलंय बघ. गेट बंद झालतं, एवढंच सांगितलं. पण आपल्यातलं एक लेकरू शिवून आलं म्हटलं, तवापासनं तुलाच बघायचं म्हनत्यात.
का बंद झालं, कोणामुळे, त्यातलं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं.
त्रिंबकरावांनी मला जवळ बोलावलं. बराच वेळ शब्द जुळवत होते. मग विचारलं, कंच्या हातानं शिवलास?
म्हटलं, दोन्ही. हे खरं होतं.
त्यांनी आपल्या चालत्या हाताने आधी माझा एक हात उचलला, मग दुसरा. दोन्ही आपल्या डोक्यावर ठेवले आणि डोळे मिटले. मीनाबाई स्टोव्ह बंद करून आल्या, कॉटशेजारी खाली बसल्या आणि त्यांनीही मान वाकवून डोळे मिटले. तयार केलेल्या दोन शब्दांतला एकही आठवेना. कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. हात काढून घ्यावेत असं सारखं वाटत होतं. काढता येईनात.