एकाच नावाच्या दोघी

नाना, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि तुमच्यावर मनापासून चिडायला मला आजचा दिवस उजाडावा लागला. लेकीने लॅपटॉपवर घराण्याची वंशावळ मांडायचं सॉफ्टवेअर टाकून दिलं होतं. "आई, आधी स्वतःला भर, मग आईवडील, मग भाऊ. बाकीचं ते जोडत जातं." मी साठीला टेकलेली बाई, माउस धरते तो लाटण्यासारखा, पण जमलं हो. माझी चौकट, वर तुमची, शेजारी आईची, खाली दादा. मग तुमच्या चौकटीने विचारलं, आणखी पत्नी जोडायची का? तिथेच थांबायला हवं होतं. नाही थांबले. जोडली, तिच्याखाली दादाला नेऊन ठेवलं आणि बघत बसले. मला वाटलं, हे माझ्या मशीनमध्ये आहे, कोण बघतंय!

खंडेराव गेटजवळच्या आपल्या जुन्या घरातलं ते स्वयंपाकघर. मी सतरा वर्षांची, माळ्यावरच्या ट्रंकेत पापडाचा डबा शोधतेय आणि हाताला एक फोटो लागतो. तुम्ही, शेजारी कुणी भलतीच बाई, तिच्या मांडीवर बाळ. फोटोच्या मागे मात्र आईचं नाव लिहिलेलं. मी हसतच खाली येते, "नाना, ही कोण हो? ही काही आई नव्हे!" तुम्ही फोटो हिसकावता आणि पेटत्या शेगडीत टाकता. मग हलक्या आवाजात सांगता. दादा आठ महिन्यांचा असताना ती तापाने गेली. वर्षभरात तुम्ही ग्वाल्हेरहून आईला आणलीत, आणि ताटातल्या तांदळात अंगठीने तिचं नवं नाव लिहिलंत ते गेलेलीचंच. "पोराला पुढे कधी प्रश्न पडायला नको," म्हणालात. "दादाची शपथ आहे तुला. एक शब्द बाहेर गेला तर या घरात तुला जागा नाही." आई तिथेच पोळ्या लाटत होती, तिने मान वर केली नाही. मेलेल्या बाईच्या नावाला ती जन्मभर ओ देत राहिली, नाना.

आज सकाळी लेकीचा फोन. "आई, मामाची आई वेगळी का दाखवलीयस?" मी म्हटलं, तुला कसं दिसलं? "अगं, तूच सगळ्यांना आमंत्रण पाठवलंयस!" पहिल्या दिवशी ते काहीबाही विचारत होतं आणि मी न वाचता हो-हो दाबत गेले होते. मेले गं बाई! फोन ठेवते न ठेवते तोच दादाचा, चिरगाँवहून. "अगं, वो तेरा झाड आया है मोबाइल पे. चष्मा घरी राहिला, काही वाचता येत नाही. बसमध्ये बसलोय, सीधा तुझ्याकडेच येतो." म्हणजे हातात फार तर तासभर.

लॅपटॉप उघडला तर समोर सूचना. या दोन व्यक्ती एकच असाव्यात, नाव एक, नवरा एक, एकत्र करू? जे तुम्ही तांदळात केलंत, ते हे यंत्र मला एका बोटात करून देत होतं. मी दाबलं. ती गेली, दादा आईखाली सरकला. हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू? आणि दुसऱ्याच क्षणी ती शेगडी आठवली. तुम्ही तिला शेगडीत घातलीत, मी ही अशी पुसली. तुम्हाला शिव्या घालत, हो, तुम्हालाच, परत आणायचं बटण शोधलं, सापडेना. लेकीला फोन लावला, ती सांगेल तसं दाबत गेले. ती चौकट परत आली तेव्हा बाहेर फाटक वाजलं.

दादाने चहा नको म्हटलं. माझा चष्मा लावून वाकून बघत राहिला. "ये दूसरी कौन है?" सांगितलं, नाना. सगळं, फोटोसकट. तो चिडला नाही, रडलाही नाही. सहासष्ट वर्षांच्या माणसाने पडद्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे नाव तर नानांनी ठेवलेलं. हिचं माहेरचं नाव काय होतं गं?" ती जागा रिकामी होती. आई गेली, आत्या गेली, आता विचारायचं कुणाला? "माहीत नाही," म्हटलं. "नानांना विचारलं नाहीस कधी?" "सुचलंच नाही रे." तो हूं म्हणाला आणि निघून गेला. जेवलाही नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, आणि दादाला तर दाखवायचंच नाही. शपथ मोडली त्याचं मला काही वाटत नाही. पण फोटो जळाल्यावर तुम्ही बावीस वर्षं होतात, मी येत-जात होते, तुमच्याशेजारी बसून जेवत होते. एकदा विचारलं असतं तर सांगितलंही असतंत कदाचित. सुचलं नाही हे खोटं आहे, नाना. माझी आई माझीच होती ना, मला गरजच पडली नाही.