त्या ताकात काही नव्हतं

ती. मामाजी,

काल जेवताना यांनी ताक मागितलं. चार वर्षांनी! वाटी रिकामी करून म्हणाले, "तवा तुले तसं इचाराले नव्हतं पाह्यजे." एवढंच. मी ताटं उचलली. पण आज शाळेतून आल्यावर वाटलं, सासऱ्यांना सगळं क्रमानं लिहावं. दवाखान्यातले पहिले तीन दिवस तुम्ही शुद्धीवर कुठे होतात?

तुमची साखर जुनी. त्यात दोन दिवस जुलाब आणि ओकाऱ्या. मी दोनदा म्हटलं, दवाखान्यात चला. तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. मी शाळेत नोकरी धरल्यापासून तुम्ही माझ्याशी बोलत नव्हतात, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. तो अबोला पुढे मला किती जड जाईल, हे तुम्हाला तरी कुठे माहीत होतं?

तिसऱ्या दिवशी सकाळी मी दिलेलं ताक तुम्ही प्यालात आणि तासाभरात काळी ओकारी झाली, चहाच्या चोथ्यासारखी. हिंगणघाटहून जीप करून वर्ध्याला नेलं. नाडी लागत नव्हती. सलाईनवर थोडे सावरलात तेव्हा घशातून दुर्बीण घातली. अन्ननलिका आतून काळीठिक्कर, आणि जठराच्या तोंडाशी ते काळं एकदम संपलेलं. तरुण डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, यांनी तेजाब घेतलं का? पोलिसांना कळवावं लागेल.

देवळीहून आलेल्या तुमच्या लेकीनं, शांताबाईंनी, माझ्याकडे पाहिलं. मग यांनी मला व्हरांड्याच्या टोकाला नेलं.

"खरं सांग, ताकात काई टाकलं होतं का?"

मी नाही म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? त्यानंतर मला तुमच्या खाटेपाशी येऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी तुमचे ओठ, जीभ, टाळू तपासले. कुठेच भाजलेलं नव्हतं. तेजाब तोंड सोडून नुसतं खालीच कसं जाळेल, असं ते म्हणाले. अंगातलं पाणी गेलं, रक्तदाब कोसळला, अन्ननलिकेला रक्त पोचलं नाही, म्हणून आतलं अस्तर मेलं. असं त्यांनीही आधी पाहिलं नव्हतं. पोलिसांचा विषय मिटला. गल्लीतला नाही मिटला, आणि यांनी घरात ताक पिणं सोडलं.

चौथ्या दिवशी तुम्ही डोळे उघडलेत. शांताबाईंनी कानाशी लागून तेच विचारलं. तुमचा आवाज फाटला होता, पण साऱ्या वॉर्डानं ऐकलं.

"तिनं दोनदा म्हटलं, दवाखान्यात चला. मीच नाई आयकलं. तिले बोलवा."

मी आले. तुम्ही नुसता हात धरलात. नवव्या दिवशी अन्ननलिका फाटली, छातीत पू झाला, आणि तुम्ही गेलात. मला रडू आलं नाही, मामाजी. फार थकले होते. हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

आणखी एक. शांताबाईंनाही आता साखर निघाली आहे. गोळ्या घेत नाहीत. मागल्या रविवारी देवळीला गेले, तर खाली पाहून म्हणाल्या, "मले काई होत नाई." तुमचाच हट्ट, दुसरं काय!

त्या आजारी पडल्या तर मी विचारत बसणार नाही. शिव्या दिल्या तरी गाडीत घालून नेईन. तुमच्या वेळी दोनदा सांगून मी गप्प बसले. आता बसणार नाही.

तुमची सून,
कुसुम