टाकीतलं डिझेल

प्रिय धाकोबा,

काल बाबा तुझ्याशी फोनवर सतरा मिनिटं बोलले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून घड्याळाकडे बघत होते. गेल्या एकतीस वर्षांत तुम्ही दोघं मिळून सतरा शब्द बोलला असाल की नाही, कुणास ठाऊक. फोन ठेवून ते म्हणाले, "रविवारी येतोय तो," आणि लगेच दाढी करायला गेले. मंगळवारी! तू निघायच्या आत हे पत्र पोचायला हवं, म्हणून घाईघाईत लिहिते आहे. हे अक्षर बघून शाळेतल्या आमच्या सिस्टरनी बोटांवर पट्टीच मारली असती.

बाबांनी तुला सगळं धड सांगितलं नसणार. एक तर रडत होते, त्यात तू काय म्हणतोस ते त्यांना अर्धंच ऐकू येत होतं. झालं ते असं. मागची शेड आता अंगावर कोसळेल अशी झाली आहे, म्हणून पाडायची ठरली. मग आत उभ्या असलेल्या ट्रॅक्टरचं काय? आई गेली त्या दिवशी तो ओढून आणून तिथे लावला, बाबांनी सवयीने टाकीचा कॉक बंद केला आणि शेडला कुलूप घातलं. त्यानंतर त्याला कुणी हात लावला नव्हता. जुन्या गाड्या जमवणारा एक हौशी माणूस म्हणाला, चालू करून दिलात तर नेतो. नाहीतर भंगारवाला होताच.

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला बोलावलं. गडी बडबड्या, पण हात सोन्याचे. ट्रॅक्टरला नमस्कार करून म्हणाला, "काकू, हा माझ्यापेक्षा वयाने मोठा आहे, विचारल्याशिवाय बॉनेट उघडत नाही." बाबा खुर्ची टाकून बाजूला बसले, आणि पाने-पकडी हातात द्यायला मी. लहानपणी मीच देत असे ना? शाळेचे पांढरे मोजे घालून मी बाबांच्या शेजारी उकिडवी बसायचे, आणि वर्गात सिस्टर माझे हात हुंगून विचारायच्या, मुली, तू घरी रॉकेलच्या दिव्यात बुडी मारतेस का. तू जरा मोठा झाल्यावर ते काम तुझ्याकडे गेलं आणि मी रुसले, हे तुला कधी सांगितलं नाही.

गॅरेजवाल्याने आधी टाकी उघडली. आत काकवीसारखं काळं, घट्ट डिझेल. त्याने काठी बुडवली, ती जवळजवळ तोंडापर्यंत भिजून आली. "आजोबा, टाकी भरून ठेवलीत की!" तो हसत म्हणाला. बाबा हसले नाहीत. मग तो टाकीपासून पंपाकडे जाणाऱ्या नळीवर आला. तिच्या वाकणावर फडक्याची पट्टी होती, वर साबण चोपडलेला, वाळून दगड झालेला. "ही मलमपट्टी कुणाची? डॉक्टर तरी बरा होता का?" बाबा म्हणाले, "माझी." त्याने पट्टी सोलली तर खाली केसाएवढी चीर. तो समजावून सांगू लागला की या जागची चीर फार लबाड. ट्रॅक्टर उभा असताना थेंब थेंब गळतं, तेव्हा साबण लावला की थांबतं आणि माणसाला वाटतं काम झालं. पण इंजिन चालू झालं की पंप तिथून हवा ओढतो, आणि चालता चालता आचके देत बंद. अगदी डिझेल संपल्यासारखं.

बाबांनी त्याला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. अगदी डिझेल संपल्यासारखं.

तुला तो दिवस मी काय सांगणार? आईला दवाखान्यात न्यायचं, रस्ता खणून ठेवलेला, चिखलातून जाईल असा फक्त ट्रॅक्टर. मागे ट्रॉलीत आईचं डोकं मांडीवर घेऊन बाबा, आणि तू चालवायला. मी तीन महिन्यांची पोर घेऊन घरी. पुलापाशी तो बंद पडला. संध्याकाळी टाकी भरायचं तुझं काम, आणि आदल्या संध्याकाळी तू मित्रांबरोबर मॅच खेळत राहिलास. तुला ते आठवलं आणि तू डिझेल आणायला पळालास. डबा घेऊन परत आलास तेव्हा आई गेली होती. टाकीचं झाकण उघडायची वेळच आली नाही. तू स्वतःच म्हणालास, मी टाकी भरली नाही. आणि बाबा म्हणाले ते सगळ्या घराने ऐकलं: "तू मारलंस तिला." नवव्या दिवशी तू पिशवी उचललीस. बावीस वर्षांचा होतास.

गॅरेजवाल्याने नवी नळी बसवली. तांब्याचे जुने वॉशर फेकले नाहीत. लालबुंद तापवून पाण्यात टाकले, म्हणाला, आता मऊ झाले, घट्ट बसतील. टाकी धुतली, नवं डिझेल घातलं. मग नळीतली हवा काढायला स्क्रू ढिला करून हाताने पंप मारत बसला. आधी नुसता फेस, मग स्वच्छ धार. ट्रॅक्टर चौथ्या खेपेला सुरू झाला. कुठे एक थेंब गळला नाही. बाबा खुर्चीतून उठलेच नाहीत. त्या आवाजात मला एवढंच ऐकू आलं, "पाच मिनिटांचं काम होतं. नळी आवळून हवा काढायची. माझी पट्टी होती, आणि मी पोराला..."

त्यांनी आता आपली एक गोष्ट जुळवली आहे. त्यांच्या मते टाकी तूच भरली होतीस आणि गडबडीत विसरलास. फोनवर तुला तेच पटवत होते ना? आणि तू म्हणत होतास, नाही बाबा, मला पक्कं आठवतं, मी भरली नव्हती. शेवटी फोन माझ्याकडे आला तेव्हा तू म्हणालास, "ताई, सगळ्या घरात तू एकटीने मला कधी दोष दिला नाहीस. तेवढ्यावर मी जगलो." मी "हो रे" म्हटलं आणि फोन ठेवला.

धाकोबा, टाकी मी भरली होती. तू आला नाहीस, बाबा ओरडतील म्हणून दिवेलागणीला मीच पिंपातून दोन डबे ओतले. पाळण्यात पोर रडत होती, म्हणून घाईत. दुसऱ्या दिवशी तू अंगणात उभा राहून "मी भरली नाही" म्हणालास, तेव्हा मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात बाबा दिसले. चारच दिवसांपूर्वी ती पट्टी बांधून त्यांनी मला कौतुकाने दाखवली होती. टाकी भरलेली असेल तर दोष नळीचा, हे पाने देऊन वाढलेल्या मला कळायला क्षणही लागला नाही. आईवाचूनचे बाबा हे ऐकून जगणार नाहीत असं मला वाटलं. तू तरुण होतास, सोसशील असं वाटलं. मी निवडलं. म्हटलं, चार दिवसांनी सांगू. मग तू गेलास, आणि दर पत्रात मी तुला हवापाणी कळवत राहिले. बाबांची चूक झाली, ते रविवारी तुझी माफी मागतील, आणि तू त्यांना देशीलही. मला मात्र पहिल्या दिवसापासून माहीत होतं, म्हणून तर मी तुला दोष दिला नाही. हे बाबांना मी अजून सांगितलेलं नाही. तुझ्या आधी कुणाला सांगायचा मला हक्क नव्हता. दारात आल्यावर तू आधी मला मिठी मारशील, तुझी लहानपणापासूनची सवयच आहे ती. हे न कळता मारलेली मिठी मला घेववणार नाही. वाचून झाल्यावर यायचं की नाही ते ठरव. पण बाबांसाठी तरी ये. मी त्या दिवशी हवं तर मुलीकडे जाऊन राहीन.

तू म्हणू देशील तोवर तुझीच,
ताई